सॉरी नको, खरं काय ते सांगा : विमान कंपन्यांच्या कस्टमर केअरच्या साहेबलोकांना खुलं पत्र

साहेब, मॅडम, जे कोण असाल ते,

तुमचं नाव माहीत नाही म्हणून असं सुरू केलं. तुमच्या प्रत्येक मेलखाली 'टीम कस्टमर केअर' एवढंच असतं, फोनवर जो मुलगा बोलतो तो फक्त पहिलं नाव सांगतो आणि पुढच्या वेळी फोन केला की तो नसतोच, दुसराच कोणीतरी असतो आणि सगळं रामायण पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. कंपनीचं नाव मी मुद्दाम घेत नाहीये. घेतलं की बाकीच्या कंपन्या म्हणणार, बघा हां आम्ही नाही त्यातले, आणि मला ते नकोय, कारण मी बऱ्याच कंपन्यांच्या विमानांत बसलेय आणि थोड्याफार फरकाने सगळीकडे हीच तऱ्हा आहे. ज्याला लागू पडेल त्याने घ्या.

एक आधीच सांगते, विमानाला उशीर झाला म्हणून हे पत्र नाही. धुकं पडतं, वादळ येतं, इंजिनात काहीतरी निघतं, आणि इंजिनात काही निघालं असेल तर बाबांनो खुशाल दुरुस्त करा, दोन तास काय चार तास घ्या, आम्ही बसतो. माझं भांडण उशिराशी नाहीच, त्या उशिरात आमच्याशी कोण काय बोललं, म्हणजे खरं तर काय बोललं नाही, त्याच्याशी आहे.

तर झालं असं. मी आणि आई. आई ७४ वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले, सपाटीवर काठी घेऊन हळूहळू चालते पण पायऱ्या अजिबात नाहीत. परदेशचा प्रवास, मधे एका विमानतळावर विमान बदलायचं, त्यासाठी पावणेतीन तास होते म्हणजे भरपूर. सकाळी मेसेज आला, ४० मिनिटं उशीर. ठीक आहे. मग १ तास १० मिनिटं. मग २ तास. मग बोर्डावर नुसतंच 'डिलेड' आणि पुढे वेळच नाही. गेटवर जाऊन विचारलं तर उत्तर, 'ऑपरेशनल रीझन मॅम.' म्हणजे नक्की काय झालंय? 'ऑपरेशनल आहे मॅम.' अहो पण म्हणजे काय? यावर त्या मुलाने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच त्याला अडकवायला आलेय.

शेवटी माझ्या भाच्याला फोन लावला, त्याला विमानांचं वेड आहे. त्याने घरी बसून मोबाईलवर दोन मिनिटांत सांगितलं, मावशी तुमचं विमान अजून आधीच्या गावाहून निघालेलंच नाहीये, ते तिथून निघणार, तुमच्याकडे येणार, मग उतरवणं, साफसफाई, पेट्रोलपाणी, म्हणजे चार तास तरी धरून चाला. आणि तेवढ्यात गेटवर अनाउन्समेंट, की बोर्डिंग लवकरच सुरू होईल, कृपया गेटजवळच थांबावे. आता मला सांगा, घरी सोफ्यावर बसलेल्या कॉलेजच्या पोराला जे दिसतं ते तुम्हाला दिसत नाही?

दिसतं. तीच तर गोष्ट आहे. नंतर रागारागात जरा वाचत बसले तेव्हा कळलं की तुमच्याकडे प्रत्येक उशिराला दोन आकडी कोड असतो, सगळ्या जगात साधारण एकच यादी. ९३ म्हणजे आधीच्या फेरीचं विमानच उशिरा येतंय. ४१ म्हणजे विमानात बिघाड. ८१ म्हणजे आकाशात गर्दी आहे म्हणून ट्रॅफिक कंट्रोलने थांबवलंय. म्हणजे तुमच्या कागदावर '९३' लिहिलं जाणार, तुमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक, फक्त जे लोक तिकीट काढून समोर उभे आहेत त्यांच्यासाठी त्याच ९३ चं नाव 'ऑपरेशनल रीझन'. काय मिळतं यातून? आम्ही गेटजवळ गोळा होऊन राहतो एवढंच ना? आईला तेवढ्या वेळात कुठेतरी आडवं करता आलं असतं, नीट काही खाऊ घालता आलं असतं. त्याऐवजी ती चार तास त्या लोखंडी खुर्चीवर, कारण 'लवकरच'.

कारण न सांगण्यामागे अजून एक गोम असावी असा मला संशय आहे. युरोपात २००४ चा एक नियम आहे, २६१ नंबरचा, २००५ पासून लागू, त्यात विमान ऐनवेळी रद्द झालं की अंतराप्रमाणे २५०, ४०० नाहीतर ६०० युरो प्रवाशाला द्यायला लागतात, आणि २००९ मध्ये तिथल्या कोर्टाने सांगितलं की ३ तास किंवा त्याहून जास्त उशिरा पोचवलं तरी तेच. सुटका फक्त 'असाधारण परिस्थिती' असेल तर. आणि त्याच्या आदल्या वर्षी, २००८ मध्ये, अलितालिया या इटालियन विमान कंपनीच्या केसमध्ये त्याच कोर्टाने हेही सांगून ठेवलंय की साधा तांत्रिक बिघाड म्हणजे असाधारण परिस्थिती नव्हे, विमान चालवायचा धंदा आहे तर बिघाड होणारच. तर जिथे कारणावर पैसे ठरतात तिथे कारण गुळमुळीत ठेवलेलं बरं पडत असणार. मी म्हणत नाही की गेटवरचा तो पोरगा हे सगळं मनात ठेवून बोलत होता, त्या बिचाऱ्याला कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. पण त्याला काही न सांगायचं हे कोणीतरी ठरवलेलं असतं की नाही?

पुढे जाते नाहीतर गेटवरच पत्र संपेल.

पाच तास दहा मिनिटं उशिरा निघालो, पुढचं विमान अर्थातच गेलेलं. मधल्या विमानतळावर तुमच्या ट्रान्सफर डेस्कसमोर रांग, दोन काउंटर, माणसं साठ-सत्तर तरी. व्हीलचेअर ढकलणारा माणूस आम्हाला रांगेत सोडून गेला कारण त्याची ड्युटी संपली. दीड तासाने आमचा नंबर आला. समोरची मुलगी वयाने लहान, चांगली होती हो, खरंच चांगली होती, आईला आधी पाणी दिलं तिने. तिला म्हटलं त्याच संध्याकाळी दुसऱ्या कंपनीचं एक विमान आहे, बोर्डावर दिसतंय मला, त्यात बसवा, आईला रात्रभर असं ठेवता येणार नाही. तिने टकाटक टाइप केलं, मान हलवली, 'सिस्टिम अलाऊ करत नाहीये.' मग म्हटलं सुपरवायझरला बोलवा. सुपरवायझर फोनवर. फोनवरचा सुपरवायझर म्हणतो कंट्रोलला विचारावं लागेल. कंट्रोल फोन उचलत नाही. तोवर ते संध्याकाळचं विमान गेलं. आणि ती मुलगी हळूच, बाजूच्या काउंटरला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला म्हणाली, 'मॅम माझ्या हातात असतं तर मी केव्हाच दिलं असतं.'

साहेब, सगळ्या प्रवासात तुमच्या कंपनीकडून मी ऐकलेलं एकमेव खरं वाक्य ते होतं.

आणि ही काही आजची गोष्ट नाही. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स, ती एसएएस, तिथे १९८१ मध्ये यान कार्लझोन नावाचे गृहस्थ प्रमुख म्हणून आले, कंपनी तोट्यात होती. त्यांनी एक साधा हिशेब मांडला. आपले वर्षाला १ कोटी प्रवासी, प्रत्येकाची आपल्या साधारण ५ कर्मचाऱ्यांशी गाठ पडते, दर वेळी सरासरी १५ सेकंद. म्हणजे वर्षभरात ५ कोटी वेळा, १५-१५ सेकंद, कंपनी काय आहे ते ठरतं, आणि ते ठरवतो काउंटरवरचा माणूस, वरचा साहेब नव्हे. मग त्यांनी त्या माणसाला जागच्या जागी निर्णय घ्यायची मुभा दिली, वर विचारत बसायचं नाही, आणि कंपनी फायद्यात आली. चाळीस वर्षं होऊन गेली याला. तुमच्या मॅनेजमेंटच्या कोर्सात हे शिकवतात म्हणे. आणि आमच्या काउंटरवर काय, सिस्टिम अलाऊ करत नाहीये.

रात्रीचं हॉटेल मिळालं, ते नाही म्हणत नाही, पण व्हाउचर हातात पडेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली आणि पहाटे साडेचारला परत रिपोर्टिंग, म्हणजे आंघोळीपुरतं हॉटेल. (आमच्या मागे एक मुलगा होता, त्याला तर वेळेवर येऊनसुद्धा जागा नाही म्हणून उतरवलेलं, ओव्हरबुकिंग. १९७२ मध्ये अमेरिकेत ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राल्फ नेडर यांना असंच तिकीट असून बसू दिलं नव्हतं, ते कोर्टात गेले, १९७६ ला सुप्रीम कोर्टापर्यंत प्रकरण पोचलं, आणि मग तिकडे आधी राजीखुशीने उतरणारे शोधा, त्यांना मोबदला द्या असा नियम आला. या मुलाला मोबदला वगैरे शब्दच कोणी सांगितला नव्हता, मी सांगितला. रांगेत उभं राहून माणूस वकील होतो.)

आता व्हीलचेअर. हे जरा नीट वाचा, प्लीज.

बुकिंग करताना मी फोन करून स्पष्ट सांगितलं होतं की आईला पायऱ्या चढता येत नाहीत. तुमच्याकडे व्हीलचेअरचे तीन प्रकार असतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं, ते मला त्या दिवशी विमानाच्या शिडीखाली उभी असताना कळलं. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही पण पायऱ्या चढतो असा प्रवासी. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या जमत नाहीत, पण विमानात आपल्या सीटपर्यंत चालतो. डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट सीटपर्यंत उचलून न्यावं लागतं. एका अक्षराचा फरक. फोनवरच्या माणसाने 'व्हीलचेअर रिक्वेस्ट नोटेड मॅम' म्हणत पहिला प्रकार टाकून दिला, कारण बहुतेक तोच आधी येत असेल यादीत. आदल्या दिवशी विमानाच्या दाराला जोडलेल्या ब्रिजवरून आत गेलो म्हणून काही कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे विमान लांब उभं, बसने नेलं, समोर शिडी. मी म्हटलं लिफ्टची गाडी बोलवा. 'मॅम सिस्टिममध्ये आर आहे, एस नाहीये.' अहो सिस्टिममध्ये काय आहे ते सोडा, समोर आई आहे ना उभी, काठी घेऊन, तिच्याकडे बघा की. 'आता अँब्युलिफ्ट बोलवली तर चाळीस मिनिटं जातील मॅम, फ्लाइट डिले होईल.'

काय जबरदस्त वाक्य आहे हे. काल पाच तास आम्ही बसलो तेव्हा डिलेचं कोणाला काही नव्हतं, आणि आज एका म्हातारीसाठी चाळीस मिनिटं म्हटल्यावर सगळी बस आमच्याकडे बघायला लागली. आईच म्हणाली, असू दे गं, चढते मी. आणि चढली. एकेक पायरी, दोन्ही हातांनी कठडा धरून, मी मागून, खालून एक लोडर वर आला, तुमच्या कंपनीचा नव्हताच तो, सामान चढवणारा, त्याने तिचा हात धरला. वर पोचल्यावर हवाईसुंदरी हसून म्हणाली वेलकम ऑन बोर्ड. तिची काही चूक नाही. पण आईच्या डोळ्यात पाणी होतं आणि ते गुडघ्याचं नव्हतं. आपल्यामुळे सगळ्यांना खोळंबा होतोय असं तिला वाटत राहिलं सगळा प्रवास, हे तुमच्या कुठल्या फॉर्ममध्ये भरायचं?

आणि या गडबडीत माझी छोटी बॅग गेली. वरचे कप्पे भरले म्हणून दारातच टॅग लावून खाली टाकली, 'लवकर करा मॅम', आणि आईच्या गोळ्यांची पिशवी त्यात राहिली. चूक माझीही आहे, आधी गोळ्या काढायला हव्या होत्या, मान्य. पण हातात आई, पर्स, काठी, पासपोर्ट आणि समोर घाई करणारा माणूस, तुम्ही काढून बघा.

बॅग आली नाही. पट्टा फिरून फिरून थांबला. काउंटरवरच्याने एक रिपोर्ट लिहून दिला, पीआयआर म्हणतात त्याला, आणि सांगितलं ट्रेस होईल. कुठे आहे पण बॅग? 'सिस्टिममध्ये दिसत नाहीये.' परत सिस्टिम! मी आता या शब्दाला इतकी घाबरते की काय सांगू. तर तुमचीच जागतिक संघटना आहे ना, आयाटा, तिचा ७५३ नंबरचा ठराव आहे, जून २०१८ पासून लागू, त्यात म्हटलंय की प्रत्येक बॅगेची चार ठिकाणी नोंद हवी. प्रवाशाकडून घेतली तेव्हा, विमानात चढवली तेव्हा, दुसऱ्या विमानासाठी पुढे दिली तेव्हा, आणि प्रवाशाला परत दिली तेव्हा. टॅगवर दहा आकडी नंबर असतो तो याचसाठी. मग एक तर तुमच्या माणसाने दारात नोंद केली नाही, किंवा केली आणि काउंटरवरच्याला ती बघायची मुभा नाही. यातलं नक्की कोणतं ते तरी कळवा, एवढी साधी उत्सुकता आहे माझी.

तीन दिवसांनी बॅग आली. मधल्या काळात नव्या गावात डॉक्टर शोधा, प्रिस्क्रिप्शन लिहून घ्या, गोळ्या घ्या, आईचं बीपी वर. हा खर्च मागता येतो हे तुमच्यापैकी एकानेही मला सांगितलं नाही. मॉन्ट्रियल करार नावाची गोष्ट आहे, १९९९ ची, आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू, त्यात सामान उशिरा आलं आणि त्यामुळे नुकसान झालं तर कंपनी जबाबदार, प्रवाशामागे १५१९ एसडीआरपर्यंत, ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासूनची. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. आणि वाचणाऱ्या बाकी लोकांसाठी सांगते, मुदत महत्त्वाची आहे, सामान मोडलेलं आलं तर हातात आल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार, उशिरा आलं तर मिळाल्यापासून २१ दिवसांत, त्यानंतर गेलात तर काही मिळत नाही. पावत्या जपून ठेवा. बोर्डिंग पास आणि टॅगचा चिटोरा फेकू नका. ही माहिती मला विमानतळावर एका प्रवाशाने दिली. तुमच्या काउंटरवर एक साधा छापील कागद ठेवायला काय जातं?

मग सुरू झाला तुमचा कस्टमर केअर. फोनवर 'आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे' हे सत्तावीस मिनिटं ऐकलं, मधे तीच एक धून, आता ती मला झोपेत ऐकू येते. मग कोणीतरी सुचवलं ॲपवर चॅट करा, तिथे एक बॉट. मी लिहिलं बॅग उशिरा आली, औषधांचा खर्च झाला. बॉट म्हणाला, वा, तुम्हाला जास्तीचं बॅगेज खरेदी करायचंय का. मी लिहिलं नाही, तक्रार आहे. बॉट म्हणाला तुमचा अनुभव आनंददायी होवो.

बॉटवर हसून सोडून द्यावं तर तेही सोपं नाही. कॅनडात एका माणसाची आजी वारली, त्याने एअर कॅनडाच्या बॉटला विचारलं की अशा वेळची सवलत नंतर मागता येते का, बॉट म्हणाला ९० दिवसांत अर्ज करा. केला तर कंपनी म्हणाली असा नियमच नाही, आणि पुढे ट्रिब्युनलसमोर म्हणे असं मांडलं की बॉट ही वेगळी हस्ती आहे, तिच्या बोलण्याला तीच जबाबदार. फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्रिब्युनलने ते उडवून लावलं, वेबसाइट तुमची, बॉट तुमचा, पैसे द्या. मला त्यातलं निकालापेक्षा ते आर्ग्युमेंटच जास्त लक्षात राहिलं. कारण आमच्या वेळी पण तसंच होतं की. गेटवरचा म्हणतो मला माहीत नाही, काउंटरवरची म्हणते माझ्या हातात नाही, व्हीलचेअरवाला दुसऱ्या एजन्सीचा, बॅगवाला तिसऱ्या एजन्सीचा, फोनवाला चौथ्या शहरात, बॉट स्वतंत्र हस्ती. तिकिटावर मात्र एकच नाव, तुमचं.

मेल केले, चार. पहिल्याला उत्तर आलं 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत'. दुसऱ्यालाही तेच, शब्दाला शब्द. तिसऱ्यात मी मुद्दाम फक्त एक प्रश्न विचारला, आईच्या बुकिंगमध्ये एस ऐवजी आर कोणी टाकलं आणि ते आता बदललंय का. उत्तर, 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, सदिच्छा म्हणून पुढच्या प्रवासासाठी व्हाउचर देत आहोत, सहा महिन्यांत वापरावे.' चौथ्यात पावत्या जोडल्या, त्याचं उत्तर आलं की आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे. खाली पाच चांदण्या, आमच्या सेवेला किती द्याल.

कोणाचं समाधान झालं हो? माझं तर नाही.

मला सॉरी नको, ते व्हाउचर नको. उशीर झाला तर तुमच्या कागदावर जो कोड पडतो तोच मराठीत, इंग्रजीत, जी भाषा येईल त्या भाषेत गेटवर सांगा, आणि तो सांगायची परवानगी गेटवरच्या पोराला द्या. त्या काउंटरवरच्या मुलीला समोरच्या माणसाकडे बघून, दुसऱ्या विमानात बसवायचं का, लिफ्ट बोलवायची का, एवढं तरी ठरवू द्या. ती चुकेल कधीतरी, एखाद्याला उगाच जागा देईल, देऊ दे. शिव्या तीच खाते आमच्या, दिवसभर, तुम्ही नाही.

आणि आता कामाचं. आमचं परतीचं तिकीट तुमचंच आहे, पुढच्या महिन्यात, नॉन-रिफंडेबल आहे म्हणून नाहीतर आलोच नसतो. मी काल परत फोन करून आईच्या नावापुढे डब्ल्यूसीएचएस टाकून घेतलंय, समोरच्याकडून दोनदा वदवून घेतलंय, कन्फर्मेशनचा स्क्रीनशॉट काढलाय आणि प्रिंटही काढून ठेवलीये, कारण सिस्टिममध्ये काय दिसेल याचा भरवसा नाही. गोळ्या या वेळी आईच्या कमरेच्या पाऊचमध्ये. पावत्या पुन्हा एकदा, पाचव्या मेलने, आज सकाळी पाठवल्यात, २१ दिवसांच्या आत आहेत, मोजलेत मी.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. आधी त्या पाचव्या मेलची पोच पाठवा, मग लोभाचं बघू.

कळावे,
त्या काठीवाल्या आजींची मुलगी